हायड्रोजनचे इंधनघट व चालतीं वाहनें

पाण्याच्या विद्युत्पृथक्करणाचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंत ज्यानें पाहिला नाहीं असा विद्यार्थी विरळाच. कांचेच्या दोन उभ्या नळ्यांत पाणी भरावें, त्यांत गंधकाम्लाचे चार थेंब टाकावे, खालून प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या बसवून त्यांना बॅटरीच्या तारा जोडाव्या, म्हणजे एका नळींत हायड्रोजन व दुसरींत त्याच्या निम्मा प्राणवायु सांचूं लागतो. येथवर सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु प्रयोग आटोपला असें समजून बॅटरी सोडविल्यावर त्याच दोन पट्ट्यांना व्होल्टमापक जोडून पाहण्याची जिज्ञासा फारच थोड्यांना होते. आणि खरी मौज तर तेथेंच आहे. मापकाचा कांटा शून्यावर राहत नाहीं. जी वीज खर्चून आपण पाणी फोडलें तिचा कांहीं अंश ते दोन वायु, पुनः पाणी होतां होतां, परत करूं लागतात. ज्वाला नाहीं, धूर नाहीं, फिरणारें चाक नाहीं. दोन पट्ट्या आणि त्यांना चिकटलेले वायूचे बुडबुडे, इतकाच काय तो संसार.

ह्या युक्तीसच आज इंधनघट म्हणतात. ती माणसाला नवी नाहीं. बासल येथील अध्यापक शोनबाइन (ओझोन वायूचा शोध लावणारा तोच) व वेल्समध्यें जन्मलेला विल्यम ग्रोव्ह ह्या दोघांनीं १८३९ सालीं आपापले प्रयोग प्रसिद्ध केले. ग्रोव्हचा पेशा वकिलीचा, ओढा शास्त्राकडे; पुढें तो न्यायाधीशही झाला. १८४२ सालीं त्यानें आपली 'वायु-बॅटरी' रचिली. तिचें चित्र अद्यापि पुस्तकांतून छापतात: चार घट ओळीनें मांडलेले, आणि त्यांतून निघालेली वीज पांचव्या लहान भांड्यांतील पाणी फोडीत आहे! वायूंचें पाणी आणि पाण्याचे पुनः तेच वायु, असा हा खेळ आहे.

मग पावणेदोनशेंहून अधिक वर्षें उलटून गेलीं तरी आपल्या रस्त्यावरील मोटारी ह्या घटावर कां चालत नाहींत? पुष्कळांची समजूत अशी कीं, घटच अजून नीट साधलेला नाहीं. माझ्या मतें ही समजूत बरोबर नाहीं. मराठींत घट म्हणजे घागरही होय, आणि ह्या विषयांत घट दोन आहेत: एक वीज करणारा व दुसरा हायड्रोजन वाहून नेणारा. पहिला बराचसा साधला आहे. गाडें अडलें आहे तें दुसऱ्यापाशीं. आणि त्याच्याही मागें, ही घागर भरावयाची कोणत्या विहिरीवर, ह्या प्रश्नापाशीं.

प्रथम वीज करणाऱ्या घटाची थोरवी कशांत आहे तें पाहूं. वाफेचें एंजिन असो कीं पेट्रोलचें असो, दोहोंतही आधीं इंधन जाळून उष्णता करावयाची व मग त्या उष्णतेकडून काम करून घ्यावयाचें, असा द्राविडी प्राणायाम असतो. उष्णतेचें काम करतांना तिचा मोठा भाग वायां जावयाचाच, हा निसर्गाचा दंडक आहे. एंजिन करणारा कितीही कुशल असला तरी त्याला तो मोडतां येत नाहीं. मोटारीच्या पेट्रोलपैकीं पाऊण हिस्सा किंवा त्याच्या जवळपास अशा रीतीनें निव्वळ हवा तापविण्यांत जातो. इंधनघट ही मधली पायरीच गाळतो; रासायनिक शक्तीची थेट वीज होते, व चांगल्या घटांत निम्मी किंवा त्याहून अधिक शक्ति हातीं लागते. १८९४ सालीं विल्हेल्म ओस्टवाल्ड ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें हेंच ओळखून, पुढील युग धुराचें नसून विद्युद्रसायनाचें असावें अशा आशयाचें प्रतिपादन केलें होतें. पुढील शतक आलें आणि गेलें. तें पेट्रोलचें ठरलें.

कारण काय? ग्रोव्हनें तें तेव्हांच हेरून ठेविलें होतें. घटांतील क्रिया वाटेल तेथें होत नाहीं. वायु, द्रव व धातु हीं तिन्ही ज्या ठिकाणीं एकत्र भेटतात त्या रेषेवरच ती होते. सपाट पट्टीवर असा त्रिवेणीसंगम फारच थोड्या जागीं होतो, म्हणून वीजही चिमूटभरच मिळते. त्यानंतरच्या इंधनघटाच्या इतिहासाचा बराच मोठा भाग हा संगम वाढविण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

घटाला प्रयोगशाळेच्या उंबरठ्याबाहेर आणण्याचें श्रेय फ्रान्सिस टॉमस बेकन ह्या इंग्लिश एंजिनियराचें. १९३२ सालापासून तो ह्या कामामागें लागला, व १९५९ सालीं केंब्रिज येथें त्यानें सुमारें पांच किलोवॉट वीज देणारी घटमाला चालवून दाखविली. अम्लाऐवजीं अल्क, प्लॅटिनमऐवजीं निकेल, आणि उष्णता व दाब दोन्ही भरपूर, अशी त्याची रचना होती. एका घटामागें सत्तावीस वर्षें! पण श्रमांचें चीज झालें. त्याच घटाची सुधारलेली आवृत्ति अमेरिकेच्या अपोलो यानांत बसविण्यांत आली. प्रत्येक यानांत तीन घटमाला असत. त्यांपासून वीज मिळे, आणि जें पाणी उत्पन्न होई तेंच अंतराळवीर पीत.

ह्या संबंधांत एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १३ एप्रिल १९७० रोजीं अपोलो-१३ हें यान चंद्राच्या वाटेवर असतां त्यांतील प्राणवायूची एक टांकी फुटली व दुसरीही गळूं लागली. प्राणवायु आटला तशा तिन्ही घटमाला एकामागून एक बंद पडल्या. तिघे प्रवासी चांद्रयानाच्या बॅटऱ्यांवर, थंडींत कुडकुडत, जीव मुठींत धरून पृथ्वीवर परत आले. घट आपलें काम चोख करीत होते; दगा दिला तो टांकीनें. जमिनीवरील इंधनघटांचीही कथा बहुतेक हीच आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९६६ सालीं एक मोठी व्हॅन इंधनघटावर चालविली, परंतु द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप प्राणवायु ह्यांच्या टांक्यांनीं आणि नळ्यांनीं ती इतकी भरून गेली कीं दोन माणसांपुरतीच जागा उरली. कार्ल कॉर्डेश ह्या शास्त्रज्ञानें १९७० च्या सुमारास आपली लहानशी ऑस्टिन गाडी अमेरिकेंतील सार्वजनिक रस्त्यांवर कांहीं वर्षें ह्याच रीतीनें वापरली. त्याला हायड्रोजनचीं नळकांडीं टपावर बांधावीं लागलीं.

आजच्या मोटारींतील घट बेकनच्या घटाहून निराळा आहे. त्याच्या मध्यभागीं केसाहूनही पातळ असा एक पडदा असतो. दिसण्यांत साधें प्लॅस्टिक. पडद्याच्या दोन्ही अंगांस कोळशाच्या अतिसूक्ष्म भुकटीचा लेप असतो व त्या भुकटीवर प्लॅटिनमचे कण बसविलेले असतात. एका बाजूनें हायड्रोजन येतो. प्लॅटिनमच्या स्पर्शानें त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटा होतो व मागें प्रोटॉन उरतो. पडदा प्रोटॉनाला वाट देतो, इलेक्ट्रॉनाला देत नाहीं. बिचाऱ्या इलेक्ट्रॉनाला बाहेरच्या तारेनें वळसा घालून यावें लागतें. हा वळसा म्हणजेच आपली वीज. पलीकडे हवेंतील प्राणवायु दोघांची वाट पाहत असतो, आणि तिघे मिळून पाणी होतें. जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील ग्रब व नीड्राख ह्या दोघांनीं १९५५ ते १९५८ च्या सुमारास ह्या जातीचा घट सिद्ध केला, व १९६५ सालीं जेमिनी-५ ह्या यानांतून तो प्रथम अंतराळांत गेला.

अशा एका घटांतून हिशेबानें १.२३ व्होल्ट मिळावयास पाहिजेत. प्रत्यक्ष काम करतांना ०.६ ते ०.७ च मिळतात. म्हणून शेंकडों घट एकावर एक रचावे लागतात. टोयोटा कंपनीनें डिसेंबर २०१४ मध्यें जपानांत विकावयास काढलेल्या 'मिराई' ह्या गाडींत असे ३७० घट होते; २०२० सालच्या तिच्या दुसऱ्या आवृत्तींत ३३० पुरले. हें हरवलेलें अर्धें व्होल्ट जातें कोठें? त्याचा मोठा भाग प्राणवायूच्या बाजूस हरवतो. हायड्रोजन चटकन फुटतो. पण प्राणवायूचे दोन अणु एकमेकांस घट्ट धरून असतात, व त्यांना सोडविण्यास प्लॅटिनमसारख्या योगवाही धातूलाही वेळ लागतो. ह्या एका संथ क्रियेपायीं जगांतील कितीतरी प्रयोगशाळा आज काम करीत आहेत. कोणी प्लॅटिनममध्यें कोबाल्ट किंवा निकेल मिसळून पाहतात, तर कोणी प्लॅटिनमला अजिबात फांटा देऊन लोखंड, नत्रवायु व कर्ब ह्यांच्या मिश्रणाकडून तेंच काम करवूं पाहतात. हीं मिश्रणें आरंभीं उत्तम चालतात, पण लवकर थकतात.

प्लॅटिनमची काटकसर मात्र खरोखरच झाली आहे. पूर्वी एका चौरस सेंटिमीटरमागें चार मिलिग्रॅम प्लॅटिनम लागे. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत तें एक-दशांशावर आणण्यांत आलें. युक्ति अगदीं साधी होती: पडद्याचाच पदार्थ पातळ करून कोळशाच्या लेपांत मुरवावयाचा, म्हणजे ग्रोव्हचा तो त्रिवेणीसंगम कणाकणापाशीं घडून येतो. मिराईच्या पहिल्या आवृत्तींत सुमारें ३० ग्रॅम, म्हणजे अडीच तोळ्यांच्या आसपास, प्लॅटिनम असल्याचें सांगत. तथापि जगांतील प्लॅटिनमचा बहुतेक उपसा एकट्या दक्षिण आफ्रिकेंतून होतो, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

घटाचें दुसरें दुखणें पाण्याचें. पडदा ओला असेल तरच प्रोटॉनाला वाट देतो. सुकला कीं घट मंदावतो व पडदा चिरतो. उलट पाणी जास्त झालें तर लेपाचीं छिद्रें बुजतात व प्राणवायूचा मार्ग खुंटतो. शेतकरी ज्यास वाफसा म्हणतो, ती स्थिति येथें क्षणोक्षणीं राखावी लागते. गाडी घाट चढत असो, सिग्नलला उभी असो, कीं वैशाखाच्या उन्हांत धांवत असो. तिसरें दुखणें सोवळेपणाचें. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु हायड्रोजनच्या दहा लाख भागांत ०.२ भागापेक्षां अधिक नसावा असा वाहनांसाठीं ठरविलेला आंतरराष्ट्रीय दंडक आहे, कारण तो प्लॅटिनमला चिकटून बसतो व हायड्रोजनला जागाच ठेवीत नाहीं. गंधकाचे वायूही तसेच. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत गंधकयुक्त दर्पाचा पदार्थ मुद्दाम घालतात हें आपणांस ठाऊक आहेच. हायड्रोजनमध्यें तेवढीही सोय करतां येत नाहीं, कारण तोच दर्प घटाला मारक! आणि ज्वाला तर दिवसाउजेडीं दिसतही नाहीं. म्हणून हायड्रोजनच्या गाडींत नाकाचें काम विद्युत्-यंत्रांवर सोपवावें लागतें.

हीं सर्व दुखणीं खरीं. पण तीं बरीं होत चाललेलीं दुखणीं आहेत. आतां घागरीकडे वळूं.

वजनानें पाहिलें तर हायड्रोजनएवढें सकस इंधन दुसरें नाहीं. त्याच्या एका किलोंत १२० मेगाजूल शक्ति असते. पेट्रोलच्या किलोंत ४४ च्या आसपास. परंतु हा किलो मावावयाचा कोठें? साध्या हवेच्या दाबाखालीं त्याला ११ हजार लिटर जागा लागते. म्हणजे सात फूट लांब, सात फूट रुंद व आठ फूट उंच अशी एक कोठडी. एवढ्या हायड्रोजनवर मोटार सुमारें शंभर किलोमीटर जाते. मुंबईहून पुण्यास जावयाचें तर दीड कोठडी मागें बांधून निघावें लागेल!

अर्थात् वायु दाबून भरणें आलें. घरोघरीं असलेल्या गॅसच्या टांकींत १४.२ किलो गॅस असतो, आणि रिकाम्या टांकीचें वजन साधारण तेवढेंच किंवा किंचित् अधिक. तो गॅस थोड्याशा दाबानें द्रव होतो म्हणून हें साधतें. हायड्रोजन नेहमींच्या तपमानांत कितीही दाबला तरी द्रव होत नाहीं. मिराईच्या पहिल्या आवृत्तींत अवघ्या ५ किलो हायड्रोजनसाठीं ८७.५ किलो वजनाच्या टांक्या होत्या, आणि दाब ७०० बार. रिक्षांमधून जो सी.एन.जी. भरतात त्याचा दाब २०० बार असतो. ७०० बार म्हणजे समुद्राच्या सात किलोमीटर खोलीवरचा दाब. इतकें करून एका लिटरांत ४० ग्रॅम हायड्रोजन मावतो. शून्याखालीं २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्याचा द्रव केला तर ७१ ग्रॅम. आणि गंमत अशी कीं, विहिरीच्या साध्या एक लिटर पाण्यांत १११ ग्रॅम हायड्रोजन असतो! निसर्गानें तो जितक्या दाटीनें बसविला आहे तितका आपल्याला सातशें बार दाबानेंही बसवितां येत नाहीं.

दाबण्याचा खर्चही लहान नव्हे. ७०० बारपर्यंत दाबण्यांत हायड्रोजनमधील शक्तीच्या दहा टक्क्यांहून अधिक वीज खर्च होते. द्रव करण्यांत सुमारें तीस टक्के. शिवाय टांकी झपाट्यानें भरूं लागलें कीं आंतील वायु तापतो, म्हणून भरण्यापूर्वीं तो शून्याखालीं ४० अंशांपर्यंत थंड करावा लागतो. शुभवर्तमानांत नव्या द्राक्षारसाला नवे बुधलेच पाहिजेत असा जो दृष्टांत आहे, तो येथें अक्षरशः लागू पडतो. हायड्रोजनचे अणु इतके बारीक कीं, ते पोलादांत शिरून त्याला ठिसूळ करतात व त्याला तडे पाडतात. म्हणून मोटारींतील टांक्या आंतून प्लॅस्टिकच्या व बाहेरून कार्बन-तंतूंचे शेंकडों वेढे दिलेल्या अशा असतात. हे तंतु महाग आहेत. गाडी महाग होण्याचें तेंही एक कारण आहे.

दाबाशिवाय हायड्रोजन सांठविण्याची दुसरी वाट म्हणजे तो एखाद्या घन पदार्थांत मुरविणें. लँथॅनम व निकेल ह्यांचा मिश्रधातु स्पंज पाणी शोषतो त्याप्रमाणें हायड्रोजन शोषतो व थोड्याशा उष्णतेनें परत देतो. पण शंभर किलो धातूंत दीड किलोही हायड्रोजन मावत नाहीं. मॅग्नेशियमच्या संयुगांत वजनाच्या ७.६ टक्के हायड्रोजन असतो, परंतु तो सोडण्यास त्याला ३०० अंशांच्या आसपास तापवावें लागतें. आणि मोटारींतील घट स्वतः ८० अंशांवर चालतो, तेव्हां त्याची वायां जाणारी उष्णता येथें कामाची नाहीं. जो हलका तो तापट, जो शांत तो जड, असा हा प्रकार. जड भांडें जेथें ओझें वाटत नाहीं तेथें मात्र ही रीति उत्तम चालली आहे. जर्मन आरमाराच्या २१२-ए जातीच्या पाणबुड्या २००५ सालापासून धातूंत मुरविलेल्या हायड्रोजनवर पाण्याखालीं संचार करीत आहेत. पाणबुडीला वजन हवेंच असतें.

तिसरी वाट अलीकडची. धातूचे अणु व सेंद्रिय रेणु ह्यांची जाळी विणून, जिच्यांत पोकळीच पोकळी आहे अशी स्फटिकरूप इमारत करितां येते. तिच्या चिमूटभर भुकटींत खेळाच्या मैदानाएवढा पृष्ठभाग दडलेला असतो. ह्या शोधाबद्दल किटागावा, रॉब्सन व यागी ह्या तिघांस २०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या पोकळ्यांत हायड्रोजन भरपूर बसतो. पण बहुतेक जाळ्यांत तो भरपूर बसण्यासाठीं द्रवरूप नत्रवायूइतकी थंडी, म्हणजे शून्याखालीं १९६ अंश, लागते. हीच गोष्ट नेहमींच्या तपमानांत साधणारी जाळी ज्याच्या हातून घडेल, तो घागरीचा प्रश्न सोडवील.

लहान यंत्रांसाठीं हायड्रोजन टाळून मिथेनॉल हें द्रव इंधन थेट घटांत घालण्याचाही प्रयत्न झाला. तोशिबा कंपनीनें २००९ सालीं मोबाइल टेलिफोन भारित करणारा असा एक घट जपानांत विकावयास काढला, पण अवघे तीन हजार. मिथेनॉल पडद्यांतून पलीकडे झिरपतें व फुकट जातें, आणि तोंवर साध्या बॅटऱ्या स्वस्त होत गेल्या. तो विषय तेथेंच थांबला.

आतां विहिरीचा प्रश्न. हायड्रोजन खाणींतून काढून गाड्या भराव्या असा प्रकार आज नाहीं. तो करावा लागतो. जगांतील बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून होतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन करतांना नऊ-दहा किलो कर्बवायु हवेंत जातो. अशा हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या मागून केवळ पाण्याची वाफ निघते हें खरें. धूर कारखान्याच्या धुराड्यांतून आधींच निघून गेलेला असतो. पाणी फोडून हायड्रोजन करावा तर किलोमागें सुमारें ५० ते ५५ युनिट वीज व निदान ९ लिटर शुद्ध पाणी लागतें. पुढें तो दाबून, वाहून, घटांत घालून त्याची वीज केली म्हणजे रुपयांतले तीस-पस्तीस पैसे चाकापर्यंत पोंचतात. तीच वीज सरळ बॅटरींत भरली तर सत्तर ते ऐंशीं पैसे पोंचतात. हा हिशेब ज्यानें एकदां मांडला त्याला, लहान मोटारींच्या शर्यतींत हायड्रोजन मागें कां पडला, हें निराळें सांगावें लागत नाहीं. शेल कंपनीनें २०२४ सालीं कॅलिफोर्नियांतील आपलीं मोटारींचीं हायड्रोजन-केंद्रें बंद केलीं. जर्मनींत लोअर सॅक्सनी प्रांतांत २०१८ सालीं हायड्रोजनवरील उतारूंची आगगाडी सुरू झाली. पण त्याच प्रांतानें २०२३ सालीं पुढील खरेदीसाठीं बॅटरीच्या गाड्या पसंत केल्या.

तर मग इंधनघट टाकाऊ ठरला काय? मला तसें वाटत नाहीं. जेथें गाडी जड आहे, मजल लांबची आहे, आणि तास-दोन तास उभें राहून बॅटरी भरण्यास सवड नाहीं, तेथें घागर जड असूनही बॅटरीपेक्षां हलकी ठरूं शकते. अमेरिकेंतील मोठमोठ्या वखारींत माल उचलणाऱ्या गाड्या हजारोंच्या संख्येनें इंधनघटावर चालतात. कारण त्या एकाच आवारांत फिरतात, एकच भरणी-केंद्र पुरतें, आणि दोन-तीन मिनिटांत टांकी भरून पुढील पाळी सुरू होते. विहीर जवळ असली म्हणजे घागरीचें दुःख निम्में होतें.

आपल्या देशांत व प्रांतांतही ह्या दिशेनें काम चाललें आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी कंपनी ह्यांनीं ऑक्टोबर २०२० मध्यें इंधनघटावरील एका मोटारीची चांचणी पुण्यांत घेतली. तिच्या टांकींत ३५० बार दाबानें सुमारें १.७५ किलो हायड्रोजन मावे, व तेवढ्यावर ती २५० किलोमीटर जावी असा अंदाज होता. ऑगस्ट २०२२ मध्यें त्याच दोन संस्थांची इंधनघटाची बसगाडी पुण्यांत पुढें आली. टाटा मोटर्सनें मार्च २०२५ मध्यें १६ मालमोटारींची चांचणी आरंभिली. त्यांपैकीं कांहींत इंधनघट, तर कांहींत हायड्रोजन जाळणारें एंजिन आहे. दोन्ही एकाच रस्त्यावर पळवून पाहण्याची ही कल्पना मला शहाणपणाची वाटते. लेह येथें एनटीपीसीनें २०२३ सालीं चांचणीसाठीं नेलेल्या बसगाड्यांपुढें तर आणखी दोन अडचणी: साडेतीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब खालच्या सुमारें दोन-तृतीयांश, म्हणून घटाला प्राणवायु पुरविण्यास अधिक कष्ट, आणि थंडी अशी कीं घटांत उत्पन्न झालेलें पाणी आंतच गोठूं पाहतें.

परंतु मला सर्वांत विचार करण्यासारखें वाटतें तें अंबरनाथ येथील काम. तेथील नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेनें पाणबुडीसाठीं इंधनघटाची यंत्रणा तयार केली, व ८ मार्च २०२१ रोजीं तिचा जमिनीवरील नमुना यशस्वी ठरला. माझगांव गोदींत बांधलेल्या कलवरी जातीच्या पाणबुड्यांत ती बसवावी असा हेतु आहे. हिचें वैशिष्ट्य असें कीं, हायड्रोजन टांकींत भरून न्यावयाचाच नाहीं. लागेल तसा तो पाणबुडींतच तयार करावयाचा. घागर फुटण्याची भीति असेल तर घागरच नको, हा ह्या प्रश्नाला दिलेला एक सरळ जबाब आहे.

भारत सरकारनें ४ जानेवारी २०२३ रोजीं हरित हायड्रोजनची राष्ट्रीय योजना मंजूर केली. खर्च १९,७४४ कोटि रुपये, व २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टन हें उद्दिष्ट. ह्यांतला पहिला वांटा मोटारींस द्यावा कीं नाहीं, ह्याविषयीं मतभेद आहे. माझा कौल खतांच्या कारखान्यांकडे. तुर्भें व थळ येथील कारखाने अमोनियासाठीं नैसर्गिक वायूपासून आजही हायड्रोजन करतातच. तेथें घागर नको, दाब नको, रस्ता नको. एका नळीनें आलेला दुसऱ्या नळीनें जावयाचा. मालमोटारींची पाळी त्यानंतर. आणि लहान मोटारींची कदाचित् येणारही नाहीं.

आरंभीं सांगितलेला प्रयोग ज्यांना घरीं करून पाहावयाचा असेल त्यांना प्लॅटिनम नको. शिसपेन्सिलीचीं दोन शिसें (तीं ग्रॅफाइटचींच असतात) दोन्ही टोकांस उघडीं करून पेलाभर पाण्यांत अर्धीं बुडतील अशीं उभीं करावीं. पाण्यांत चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवावा. मीठ मात्र घालूं नये, कारण त्यानें क्लोरिन सुटतो. नऊ व्होल्टची बॅटरी दोन-तीन मिनिटें जोडून शिसांवर बुडबुडे नीट धरूं द्यावे, मग ती सोडवून व्होल्टमापक जोडावा. खिडकी उघडी असावी व जवळ दिवा किंवा आगकाडी नसावी. कांटा हलेल, थोडा वेळ थांबेल, आणि बुडबुडे संपत येतील तसतसा हळूहळू शून्याकडे उतरेल.